ढील

जिवाजीगंजात आमच्या अंगणात
गेली तीन वर्षं एक मोटार होते आहे.
इंजिन मारुतीचं, भंगारातलं. मागचे ड्रमही तिचेच.
सांगाडा माझा: चौकोनी नळ्या, आणि माझं वेल्डिंग,
सांध्यासांध्याला मुंगळे चिकटल्यासारखं.
शालिनी त्याला पिंजरा म्हणते.
"जेवण पिंजऱ्यात वाढू, की घरात?"

हँडब्रेकची तार कंपनीची आणली, तर हातभर लांब.
सांगाडाच आखूड, तिचा काय दोष.
शिंदे की छावनीतल्या शकूरभाईंनी कापून दिली,
टोकाला पितळेची गुंडी झाळली, म्हणाले,
"मोघेजी, मोड़ बड़ा रखना, कोहनी मत बनाना."
मला सांगतात!
छत्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या मी,
या गावाच्या पोटात कुठे काय वळतं
ते उताणा पडून शिकलो.

तार ओढते, हे सगळ्यांना दिसतं.
दिसत नाही ती बाहेरची नळी,
काळी, उगी,
दोन्ही टोकांनी भिंतीला पाय लावून बसलेली.
ती सरकली, की आतली तार कितीही ओढा,
नळीच नुसती अंग झाडते
आणि चाक आपलं फिरत राहतं.
म्हणून आधी तिची दोन ठाणी पक्की. मग बाकीचं.
(हे मी आमच्याबद्दल म्हणत नाही.
शालिनी म्हणेल, नळी कोण आणि तार कोण
ते आधी ठरवा.)

सायलेन्सरपासून वीतभर लांब.
पत्रा घासतो तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
मी खाली, ती वर फळीवर, सीट अजून नाही.
"ओढ."
कट कट कट कट
"किती?"
"नऊ."
"पाच हव्यात." नट अर्धा फेरा. "ओढ."
"आठ. आणि आमटी उतू चाललीय."
डाव्या चाकानं धरलं, उजवं हसत होतं:
मधली पट्टी तिरकी.
दिवेलागणीला पाच. दोन्ही चाकं गप्प.

फूलबागेपर्यंत सगळं नीट.
पडावच्या पुलाआधी एक खड्डा,
मागची चाकं क्षणभर खाली लोंबली
आणि लिव्हरला कुणी हात न लावता ब्रेक लागला.
मागच्या टेम्पोवाल्यानं माझं कूळ विचारलं.
पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच.
ड्रम तापून करपल्यासारखा वास.

शालिनी समोर बघत म्हणाली,
"तुम्हीच सांगायचात ना,
दर खड्ड्यात एक वेटोळं जास्तीचं सोडतो म्हणून?
जमीन हलते, लोक खणतात,
तारेला द्यायला काही शिल्लक हवं."

सांगायचो.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गच्चीवर,
दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं तेव्हा.

घरी येऊन सांगाडा ठोकळ्यांवर चढवला,
चाकं लोंबू दिली, जितकी लोंबतील तितकी,
चिमटे सोडले,
वळणाला चार बोटं ढील घातली.
ढील. आवळायला म्हणून बसलो होतो मी दोन महिने.

रविवारी उरवाईची चढण.
बाजूच्या कातळात जिन उभे,
हात खाली सोडलेले,
कुणी काही न ओढता
शतकं एका जागी.
मध्यावर थांबवली. पाच कट.
ब्रेकवरचा पाय काढला,
आधी टाच, मग चवडा, मग अंगठा.
गाडी सूतभर मागे आली
आणि तिथेच विचार करत राहिली.

शालिनीच्या मांडीवर कापडी पिशवी.
निघताना विचारलं होतं, काय आहे,
म्हणाली होती, शेंगदाणे.
आता पिशवीचं तोंड उघडं होतं:
विटेचा अद्धा. चाकामागं लावायला.

तिनं तो बाहेर काढला नाही.
"उतरू का?" मी म्हटलं.
"बसा," म्हणाली. "ऊन आहे, पण बसा जरा."